आप्पांचं फिनिशिंग

यंत्राने केतकी मगदूमला सांगितलं, की तू केतकी मगदूम नाहीस.

सांगितलं तेही अगदी सौजन्याने. कोल्हापूरच्या ओळख कचेरीतल्या छोट्याशा केबिनमध्ये पडद्यावर हिरवी चौकट उमटली आणि तिच्यात अक्षरं आली: 'आपण काढलेले चित्र आणि या नावाची नोंद जुळत नाही. कृपया धीर धरा, अधिकारी येत आहेत.' केतकी पशुवैद्य होती. शिंगं रोखून आलेल्या म्हशीसमोरही तिचा धीर कधी सुटला नव्हता, त्यामुळे यंत्राचा हा सल्ला तिला जरा लागलाच. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून बसून राहिली.

बाहेर बाकावर आई मांडीवर फाइल घेऊन बसली होती. फाइलीत आप्पांचे रिपोर्ट होते. शशिकांत मगदूम, म्हणजे केतकीचे वडील, आप्पा, यांचं लिव्हर कामातून गेलं होतं. आयुष्यात कधी सोडा-लेमनच्या पुढे न गेलेल्या माणसाचं लिव्हर जावं याचं गडहिंग्लजमध्ये सगळ्यांना नवल वाटलं होतं, आणि काही जणांनी ते तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. डॉक्टरांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. दिवाळीच्या आत दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवला तर माणूस उभा राहील, नाहीतर अवघड आहे. आईला साखरेचा आजार, त्यामुळे ती बाद. केतकीचं सगळं जुळलं. आता फक्त तिची संमती हवी होती, आणि अवयव देण्याच्या संमतीला स्वमुद्रा लागते.

स्वमुद्रा म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, पण ती आली कशी हे लोक विसरत चालले आहेत. आधी फोटो खोटे पडले, मग व्हिडिओ, मग आवाज. कुणाचाही चेहरा कुणाच्याही धडावर बसवून त्याच्या तोंडी काहीही घालता येऊ लागलं, तेव्हा कोर्टांनी फोटोचा पुरावा घेणंच सोडून दिलं. बोटांच्या ठशांच्या नकला निघाल्या, बुबुळांच्याही निघाल्या. जे बाहेरून दिसतं ते चोरता येतं, एवढं सगळ्यांना कळून चुकलं. तेव्हा मेंदूचा अभ्यास करणाऱ्या काही मंडळींनी एक साधी गोष्ट पुढे आणली. आपला चेहरा आपण स्वतः कधीच बघत नाही. आरशात दिसतो तो उलटा, फोटोत दिसतो तो दुसऱ्याने बघितलेला. तरी प्रत्येकाच्या मेंदूत स्वतःच्या चेहऱ्याचा एक नकाशा असतो, स्पर्शातून, आरशातून आणि लोकांच्या बोलण्यातून तयार झालेला. तो वेडावाकडा असतो. कुणाच्या नकाशात नाक भलतंच मोठं, तर कुणाच्या नकाशात कपाळ जवळजवळ नाहीच. आणि हा वेडेवाकडेपणा वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही.

तो नकाशा बाहेर काढायला स्टुडिओवाल्यांचीच जुनी करामत कामी आली. संगणकावर माणसाचा फोटो खालच्या थरात ठेवायचा, त्याच्यावर कोरा थर घ्यायचा, आणि त्या माणसाने स्वतः पेन धरून मोजक्या रेघांत, मोजक्या सपाट रंगांत आपलं चित्र करायचं. चित्रकला यायची गरज नाही. कुठली रेघ ठेवली, कुठली सोडली, हात कुठे रेंगाळला, काय काढून परत खोडलं, हे सगळं यंत्र टिपून घेतं. अक्षराला जसं वळण असतं तसं या चित्रालाही असतं, आणि ते दुसऱ्याला साधत नाही, कारण दुसऱ्याचा चेहरा आतून कुणालाच ठाऊक नसतो. रोजच्या कामांना फोन पुरतो. पण जमीन, दत्तक, मृत्युपत्र आणि अवयवदान असली मोठी कामं आली, की माणसाला बसून पुन्हा स्वतःला काढून दाखवावं लागतं.

केतकीवर ती वेळ पहिल्यांदाच आली होती.

अधिकारी आल्या. नाईकनवरे मॅडम, चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून बराच वेळ बघितला.

"तुमची मूळ नोंद कॉलेजात असतानाची आहे. कुठे केली होती?"

"आमच्याच फोटो स्टुडिओत. गडहिंग्लजचं केंद्र तेव्हा आप्पांकडं होतं."

"आणि चित्र कुणी काढलं?"

"मी काढलं. आप्पांनी थोडं फिनिशिंग केलं असेल."

"थोडं नाही," मॅडम म्हणाल्या. "या नोंदीतलं वळण पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत शशिकांत मगदूम यांचं आहे. त्यांची स्वतःची नोंद आमच्याकडे आहे, तिच्याशी हात जुळतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने असं झालं, की लिव्हर घेणाऱ्यानेच लिव्हर देणारीची ओळख तयार करून ठेवली आहे. या खुर्चीत बसून मी बऱ्याच सुना आणि पोरी बघितल्यात, घरच्यांनी पुढे केलेल्या. तुमच्यावर कुणाचं दडपण नाही हे मला दिसतंय. पण मला दिसून भागत नाही."

चूक दुरुस्त करायचा रस्ता होता, पण तो सरळ नव्हता. ज्याने ते चित्र काढलं त्याने कचेरीत येऊन, त्याच जुन्या फोटोवर, ते पुन्हा काढून दाखवायचं. वळण जुळलं तर ती नोंद रद्द होईल. मग केतकीने वेगवेगळ्या दिवशी दोनदा स्वतःला काढायचं आणि ती दोन चित्रं एकमेकांशी जुळली पाहिजेत. नाही जुळली, तर सहा महिने दार बंद.

सहा महिने आप्पांकडे नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडीत केतकीला सगळं जुनं आठवत राहिलं. आप्पा नेमके काय काय पुसतात, हे तिला आजवर माहीत होतं असं तिला वाटत होतं.

पाचवीत असताना तिच्या ओठाखाली कोड उठलं. आधी शेंगदाण्याएवढं, मग हनुवटीवर पसरत गेलं. औषधं झाली, लेप झाले, कुणी सांगितलं म्हणून दही बंद झालं. शेवटी एका भल्या डॉक्टरांनी सांगितलं, की याने जिवाला काही होत नाही, पोरीला सुखाने राहू द्या. केतकी सुखाने राहिली असतीही. पण तिचे वडील फोटोग्राफर होते, आणि त्यांच्या हातून कुठलाही चेहरा फिनिशिंग झाल्याशिवाय दुकानाबाहेर जात नसे. शाळेच्या ओळखपत्रात, सहलीच्या फोटोत, मावशीच्या लग्नाच्या अल्बममध्ये केतकीची हनुवटी एकसारखी गव्हाळ, गुळगुळीत. दुकानावर पाटी होती 'केतकी फोटो स्टुडिओ', मुलगी झाली म्हणून हौसेने नाव दिलेलं. दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये गावातल्या निम्म्या नवऱ्या, बारशाची बाळं, निवृत्त झालेले मास्तर, तालमीतले पैलवान असे सगळे होते. केतकी नव्हती. कधीच नव्हती. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "बघू की." ते बघणं अजून चालू होतं.

आणि स्वमुद्रेच्या दिवशी तिने अर्धं चित्र केलं, हनुवटी पांढरी ठेवली. आप्पा मागून बघत होते. "सरक जरा," ते म्हणाले. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या चित्राला त्यांनी बोट लावलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. घरच्या पोरीला मात्र नियम लागला नाही. ती तोंड फुगवून मागच्या खोलीत जाऊन बसली होती. आप्पांनी तिचं अर्धं चित्र काढून टाकलं आणि नव्याने सगळं स्वतःच केलं, हे तिला आज कळलं.

ती गडहिंग्लजला पोचली तेव्हा आप्पा दुकानातच होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. पण घरी पडून राहायचं म्हटलं की त्यांना राग येई. केतकीने झालेलं सगळं सांगितलं. आप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"तू अर्धवट टाकून उठलीस. मग काय, तसंच सोडायचं व्हय?"

"सोडायचं होतं. माझं होतं ते."

"झालं ते झालं. बरंच झालं म्हणायचं. तुझ्या पोटावर सुरी फिरवायचा विषय मिटला. मला पहिल्यापासनं पटलं न्हवतं. जवान पोर, आणि म्या म्हाताऱ्यानं तिचं लिव्हर खायचं. कोल्हापूरला मी काय येत न्हाई."

आई आत पदर तोंडाला लावून उभी होती. केतकी मात्र रडली नाही. दवाखान्यात आजारी जनावर पाय झाडतं तेव्हा ती जशी बाजूला न होता आणखी जवळ जाते, तशी ती आप्पांच्या खुर्चीजवळ गेली.

"आप्पा, माझं चित्र करताना तुम्ही मला विचारलं न्हाई. आता लिव्हर देताना मी तुम्हाला विचारणार न्हाई. फिट्टंफाट."

"लई बोलायला शिकलीस."

"तुम्हीच शिकवलंसा. सकाळी गाडी काढते. न आलात तर दावं बांधून नेईन, मला सवय आहे."

सकाळी आप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसलेले होते. रस्ताभर ते शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत होते.

कचेरीत मॅडमनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. खालच्या थरात सतरा वर्षांची केतकी होती, दोन वेण्या, कपाळाला आठी. आप्पांचा हात आजाराने थरथरत होता. त्याची काळजी करू नका, मॅडम म्हणाल्या. थरथर यंत्र वजा करतं, त्याला फक्त वळण हवं असतं. केतकी मागे भिंतीला टेकून उभी राहिली. समोर बसून बाप आपली हनुवटी पुन्हा पुसणार, आणि ते आपण मुकाट्याने बघायचं, या विचारानेच तिचे कान तापले होते.

बहुतेक माणसं चित्र डोळ्यांपासून सुरू करतात. आप्पांनी हनुवटीपासून केलं. त्यांनी सगळ्यात बारीक पेन निवडलं, पडदा मोठा केला आणि कोडाची कड काढायला घेतली. ओठाखाली एक खाच, डावीकडे जबड्याच्या दिशेने गेलेलं टोक, त्याच्या खाली तांदळाएवढा सुटा ठिपका. हात कुठेच थांबत नव्हता, आणि खालच्या फोटोकडे ते बघतही नव्हते. केतकीला तो सुटा ठिपका आठवेना. मग आठवला. कॉलेज संपेपर्यंत तो मोठ्या डागात मिसळून गेला होता. ती स्वतः त्याला पार विसरली होती.

कड पूर्ण झाली, तसा आप्पांनी आत गव्हाळ रंग भरला आणि कडेची रेघ काढून टाकली. मग ते डोळ्यांकडे वळले.

"पुसायचाच होता, तर आधी काढला कशाला?" केतकीने विचारलं.

"कड धरल्याबिगर रंग भरला की धब्बा दिसतो. लोकास्नी लगेच कळतंय, हितं काहीतरी झाकलंय म्हणून." आप्पांनी पेन क्षणभर उचलून धरलं. "आणि तो काय बघून काढायला लागतोय? रोज बघायचो की मी. तू झोपलीस की बघायचो, वाढला का म्हणून. शाळेत पोरं तुला चिडवायची. दुसरं काय करणार होतो मी? माझ्या हातात एवढंच हुतं."

केतकीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. इतकी वर्षं तिची खात्री होती, की आप्पांना तो डाग बघवत नाही. आणि इथे तर त्यांच्याइतका तो कुणीच बघितला नव्हता, तिनेसुद्धा नाही. राग सगळा गेला असं मात्र नाही. शोकेस तिला आठवत होतीच.

पडद्यावर हिरवी चौकट आली: 'वळण जुळले. नोंद रद्द.' आता अख्ख्या राज्यात केतकी मगदूम नावाच्या बाईला ओळखच नव्हती.

सरावासाठी मॅडमनी तिला एक चाचणी दिली होती. आपल्या संगणकावर दोन चित्रं काढायची, ती किती जुळतात ते कळतं. दुपारी दुकानात बसून केतकीने पहिलं काढलं. हनुवटीवर झळझळीत पांढरा रंग, भोवती जाड काळी रेघ, जाहिरातीच्या बोर्डासारखं. बघा काय बघायचंय ते. दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हा तिच्याही नकळत मान जरा खाली गेली आणि हनुवटी सावलीत आली. चाचणी म्हणाली, ही दोन वेगवेगळी माणसं आहेत. तिसरं आणखी वेगळं निघालं. कधी ती आप्पांवर सूड उगवत होती, कधी शाळेतल्या पोरांवर, तर कधी चक्क आप्पांसारखं फिनिशिंग करत होती. ज्या बाईला आपण कोण आहोत याबद्दल उभ्या आयुष्यात शंका आली नव्हती, तिला आपली हनुवटी धड काढता येईना.

आप्पा कोपऱ्यात बसून बघत. त्यांची बोटं शिवशिवत, हे तिला पाठमोरीलाही कळे. पण ते एकदाही "सरक जरा" म्हणाले नाहीत. त्यांना किती जड गेलं असेल, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

तेवढ्यात हलकर्णीहून बसाप्पा या शेतकऱ्याचा फोन आला. म्हैस गाभण आहे का बघायची होती. केतकी गेली. खांद्यापर्यंत लांब हातमोजा चढवला, म्हशीच्या मागे उभी राहिली आणि हात आत घातला. हे काम करताना डोळ्यांचा काही उपयोग नसतो. ती नेहमीसारखी समोरच्या उसाकडे बघत राहिली आणि बोटं आत आपलं काम करत राहिली. हे गर्भाशय, हा त्याचा फुगवटा, आणि हे इवलं हलणारं. "हाय," ती म्हणाली. बसाप्पा खूश झाला. हातमोजा काढता काढता केतकी एकदम थांबली. आतलं वासरू तिला आरशाशिवाय, फोटोशिवाय दिसलं होतं. आणि स्वतःचं तोंड काढताना ती मात्र सारखी फोटोकडे बघत बसली होती, म्हणजे दुसऱ्यांनी बघितलेल्या केतकीकडे.

दुकानात येऊन तिने खालचा फोटोचा थर झाकून टाकला. तो दिसलाच पाहिजे असा नियम कुठेच नव्हता. डाव्या हाताने चेहरा चाचपत उजव्या हाताने ती काढत गेली. जाड भुवया, आजोळाकडून आलेलं बसकं नाक, गायीच्या लाथेने उजव्या गालाच्या हाडावर आलेलं टेंगूळ, जे आजवर एकाही चित्रात आलं नव्हतं. मग बोटं हनुवटीवर आली. तिथे काहीच नव्हतं. कातडी इथून तिथवर एकसारखी, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते बोटांना सांगता येईना. कड आप्पांना माहीत होती, कारण ते बाहेरून बघत होते. तिच्या बाजूने कड नव्हतीच. म्हणून तिने रेघ काढली नाही. नुसता रंग बदलला, गव्हाळाचा हळूहळू फिका होत गेला, जसा तो होता तसा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. चाचणी म्हणाली, हे एकच माणूस आहे. ते तिला चाचणीने सांगायच्या आधीच कळलं होतं.

कोल्हापुरात दोन्ही चित्रं झाली, तेव्हा मॅडमनी पडद्यावरची हिरवी चौकट तिला दाखवली आणि संमतीवर शिक्का मारला. "हनुवटीला रेघ द्यायची राहिली का?" त्यांनी सहज विचारलं. "नाही," केतकी म्हणाली. "ती आहे तशीच आहे."

दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर आप्पांनी पहिल्यांदा नर्सला विचारलं, की पोरगी कशी आहे, आणि दुसऱ्यांदा विचारलं, की इथली ट्यूबलाइट बदलत का नाहीत, सगळ्यांचे चेहरे मेल्यासारखे दिसतात. तेव्हा केतकीला शेजारच्या खोलीत पोटाला टाके असूनही हसू आलं, आणि हसण्याने टाके दुखले.

महिने गेले. आप्पांच्या डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला, तसे ते पुन्हा दुकानात बसू लागले. केतकी कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी हलकर्णीहून परतताना ती बाजारपेठेतून आली आणि स्टुडिओसमोर तिने गाडी थांबवली. शोकेससमोर दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. नवऱ्या, बाळं, पैलवान सगळे कडेला सरकवले होते. मधोमध, शिसवी चौकटीत, मोठ्ठं चित्र होतं. बसकं नाक, जाड भुवया, गालावरचं टेंगूळ, आणि ओठाखालून हनुवटीवर पसरत गेलेला, कुठेच कड नसलेला फिका रंग. वर पाटी होती तीच, केतकी फोटो स्टुडिओ.

ती काचेजवळ गेली. मग तिला मेली जुनी शंका आली. आप्पांचा स्वभाव तिला माहीत होता. तिने दार ढकललं. आप्पा संगणकात डोकं घालून फार कामात असल्यासारखे बसले होते.

"आप्पा, शोकेसमधल्या चित्राला कुठं हात लावलाय?"

"लावलाय एका ठिकाणी."

केतकीचा हात दारावरच राहिला. "कुठं?"

"काचेला," आप्पा मान वर न करता म्हणाले. "धूळ बसली हुती. पुसून घेतली."